मुंबईहून लंडन किती लांब?

अलीकडे कोणास अंतर विचारलें असतां तो उत्तर तासांत देतो. "मुलगी लंडनला असते म्हणतां, तें किती लांब?" "फार नाहीं, नऊ तास." पालकसभेच्या दिवशीं हें संभाषण आम्हीं इतक्या वेळां ऐकिलें आहे कीं, नऊ तास ही आतां एक लांबीच होऊन बसली आहे, जणूं कोस, मैल आणि तास हीं एकाच मापाचीं तीन नांवें. आमच्या शाळेंतून शिकून गेलेले कित्येकजण आज परदेशीं आहेत. कोणी परिचारिका, कोणी जहाजावर, कोणी हिशेबनीस. त्यांचे आईबाप मात्र येथेंच, आपापल्या गांवच्या घरीं, वयानें वाढत आहेत. तेव्हां हें नऊ तासांचें उत्तर कितपत खरें आहे तें एकदां नीट तपासून पाहावें असें आम्हांस वाटलें. हें काम भूगोलाच्या शिक्षकानें करावयाचें नाहीं तर कोणीं करावयाचें?

प्रथम अंतर घेऊं. अंतर ही गोष्ट साधी आहे, परंतु भिंतीवरचा नकाशा ती साधेपणानें दाखवीत नाहीं. वर्गांत टांगलेल्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवा. रेघ इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून, बगदादच्या जवळून, तुर्कस्तानांतून व बाल्कन देशांवरून जाईल. आतां तोच प्रयोग पृथ्वीच्या गोलावर दोऱ्यानें करा. दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर व दुसरें लंडनवर धरून तो ताणला कीं, तो बगदादकडे ढुंकूनहि पाहात नाहीं. तो कराचीच्या जवळून निघतो, इराणचा ईशान्य भाग ओलांडतो, कास्पियन समुद्राच्या दक्षिण अंगास स्पर्श करितो, कॉकेशस पर्वताच्या प्रदेशांत शिरतो, आणि काळ्या समुद्राचा कोपरा, युक्रेन, पोलंड व जर्मनी यांवरून लंडनास उतरतो. वाटेचा अगदीं मध्यबिंदु जॉर्जिया देशांतील तिबिलिसी शहराच्या आसपास पडतो. बगदादच्या रेखांशावर पाहिलें तर हा दोरा बगदादहून सुमारें ९०० किलोमीटर उत्तरेस असतो! दरवर्षीं हा प्रयोग केल्यावर कोणी तरी मुलगा म्हणतोच कीं, दोरा वांकडा आहे. दोरा सरळ आहे. वांकडा आहे तो नकाशा. गोल वस्तूची साल काढून ती फळ्यावर चपटी बसविली म्हणजे कोठें तरी ती ताणली जावयाचीच.

ह्या दोऱ्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे ४,४८० मैलांच्या जवळपास भरते. ही संख्या शिवाजी महाराजांच्या काळींहि तीच होती आणि आजहि तीच आहे. हिच्यांत कोणास कांहीं करतां येत नाहीं.

वेळेची गोष्ट तशी नाहीं. मोठें प्रवासी विमान आपल्या भोंवतालच्या हवेच्या मानानें तासाला सुमारें ९०० किलोमीटर जातें. ७,२०० ला ९०० नें भागिलें असतां आठ तास येतात, आणि चौथीचा मुलगा येथेंच पाटी खालीं ठेवील. परंतु भोंवतालची हवाच स्थिर नसते. विमानें जेथून जातात त्या दहाबारा किलोमीटरांच्या उंचीवर, आपल्या उत्तरेकडील अक्षांशांत, वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि त्याचे कांहीं प्रवाह नदीच्या ओघासारखे जोरकस असतात. ज्यानें कोंकणांतल्या खाडींत ओहोटीच्या उलट होडी वल्हविली आहे त्यास अधिक सांगावें लागणार नाहीं. लंडनकडे जातांना सरासरी ८० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर जमिनीच्या मानानें वेग ८२० राहतो, आणि आठ तासांचे पावणेनऊ होतात. येतांना तोच वारा पाठीशीं असला तर साडेसातांच्या आंतच काम होतें. त्यांत विमानानें धांवपट्टीपर्यंत रांगत जाणें, उंच चढणें, लंडनवर जागा मिळेपर्यंत घिरट्या घालणें हीं मिळवावीं. म्हणून वेळापत्रकांत जातांना साडेनऊ ते दहा तास व येतांना साडेआठ ते नऊ तास असे आंकडे दिसतात. वाट एकच, आणि जाण्यायेण्यांत तासाभराचा फरक.

घड्याळानें तर आणखी गोंधळ होतो. हिवाळ्यांत लंडन आपल्या साडेपांच तास मागें असतें. उन्हाळ्यांत तेथील लोक आपलीं घड्याळें एक तास पुढें सारतात, म्हणून साडेचार. दुपारीं दोन वाजतां मुंबई सोडून साडेनऊ तास उडालेला मनुष्य हिवाळ्यांत लंडनास सायंकाळीं सहाला उतरतो, आणि घड्याळ म्हणतें कीं चारच तास झाले. उलट रात्रीं नऊला लंडनहून निघून नऊ तासांत आलेल्यास मुंबईंत सकाळचे साडेअकरा वाजलेले आढळतात. घड्याळाच्या मतें साडेचौदा तास गेले. (मुंबईचा हा साडेपांच तासांचा नियमहि फार जुना नाहीं. १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची निराळी वेळ होती, ती ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें असे. आमच्या आजोबांच्या पिढीला एकाच स्टेशनावर दोन वेळांची उठाठेव ठाऊक होती.)

येथवर वारा आणि सूर्य यांचें झालें. तिसरी गोष्ट माणसाची आहे. समुद्र सर्वांचा; आकाश तसें नाहीं. प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे, असें १९४४ च्या डिसेंबरांत शिकागो येथें झालेल्या कराराच्या पहिल्याच कलमांत म्हटलें आहे. तेव्हां आमचा दोरा ज्या ज्या देशावरून जातो त्या प्रत्येक देशाचा होकार असेल तरच तो दोरा; नाहीं तर वळसा. आतां तोच दोरा गेल्या कांहीं वर्षांच्या बातम्यांवर ठेवून पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युद्ध सुरू झालें आणि युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें. २०१९ सालींहि फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तें कमी अधिक बंदच होतें. १३ जून २०२५ रोजीं इराणवर हल्ला झाला आणि तेथील आकाशहि कांहीं दिवस मिटलें. त्या दिवशीं मुंबईहून लंडनास निघालेलें एक विमान अर्ध्या वाटेवर पोहोंचण्यापूर्वींच माघारें फिरून मुंबईसच उतरलें. दोऱ्याखालीं येणारे देश मोजा, आणि त्यांतले मिटलेले मोजा. दिल्लीच्या मानानें मुंबईस हा वळसा लहान पडतो, कारण आपणांस समुद्र जवळ आहे व विमान ओमानच्या बाजूनें काढतां येतें. तरी वळसा तो वळसाच. पृथ्वी तेवढीच, विमान तेंच, वाराहि तोच, आणि वेळ मात्र कोणा राजधानींतील कचेरींत निघालेल्या सूचनेनें वाढते.

आतां कोणी म्हणेल, तासादोन तासांचें एवढें काय मोठें? आमचे पूर्वज तर महिने मोजीत. हें खरें आहे. सुवेझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं उघडला. त्यापूर्वीं मुंबईहून इंग्लंडास जाणारें जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून जाई. ती वाट जवळ जवळ २०,००० किलोमीटरांची, आणि शिडाच्या जहाजास तिला चार चार महिने लागत, कधीं अधिकहि. कालव्यानें ती ११,६०० किलोमीटरांच्या आसपास आणिली. १८८३ सालीं पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या त्या आगबोटीनें, आणि त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं मराठींत लिहिली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं टपालाची बोट आणि युरोपांतील आगगाडी यांचा मेळ बसवून हाच प्रवास सुमारें दोन आठवड्यांत होऊं लागला.

परंतु ह्या सर्व हकीकतींत आम्हांस खरी महत्त्वाची वाटते ती तारीख जहाजाची नव्हे, तारेची. १८७० सालीं समुद्राच्या तळांतून टाकलेली तार मुंबईस येऊन पोहोंचली. त्यापूर्वीं जमिनीवरच्या तारेनें निरोप जात असत, पण त्यांस दिवसच्या दिवस लागत आणि पुष्कळदां त्यांचा अर्थाचा अनर्थ होऊन ते पोहोंचत. त्याहि पूर्वीं बातमी आणि माणूस एकाच जहाजानें प्रवास करीत. इकडे आलेल्या एखाद्या मिशनरी बाईस मातेच्या मृत्यूचें पत्र मिळे तोंवर त्या कबरेवर गवत उगवून वाळलेलेंहि असे. दुःख होई, पण धांव घेण्याचा प्रश्नच उरलेला नसे. १८७० नंतर बातमी कांहीं तासांत येऊं लागली आणि माणसास मात्र तीन आठवडे लागत. म्हणजे दोन्ही शहरें जवळ आलीं असें जें सर्वत्र बोललें जातें तें बातमीपुरतेंच खरें. ज्याला बातमी कळली आहे आणि जाऊन पोहोंचतां येत नाहीं त्याच्या दृष्टीनें तीं दूरच गेलीं.

ही बातमी व माणूस यांमधली फट विमानानें हळूहळू बुजवीत आणिली. ३० मार्च १९२९ रोजीं लंडनहून कराचीपर्यंत विमानांची वाट सुरू झाली. तिला सात दिवस लागत, आणि मध्यें युरोपांत कांहीं भाग चक्क आगगाडीनें काटावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं एका इंजिनाच्या लहानशा विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणिलें, आणि मुंबई त्या वाटेस जोडली गेली. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून पस्तीस उतारू घेऊन निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनास पोहोंचलें. तेंच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं त्याच वाटेवर आल्प्स पर्वतांतील माँ ब्लांच्या शिखराजवळ आदळलें आणि त्यांतील अठ्ठेचाळीस माणसें दगावलीं. ही वाट फुकट सोपी झालेली नाहीं, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. त्यानंतर जेट विमानें ह्या मार्गावर आलीं, आणि पुढें मध्यें कोठेंहि न उतरतां जाणारीं. आज बातमीस क्षणहि लागत नाहीं, आणि माणसास नऊ तास. निदान असें म्हणतात.

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस ह्या नऊ तासांचा हिशेब आम्हांस खरोखरीच करावा लागला. आमची एक माजी विद्यार्थिनी लंडनमध्यें परिचारिका आहे. तिचे वडील नगरकडील एका खेड्यांत राहात. मंगळवारीं पहाटे दोन वाजतां ते प्रभूमध्यें झोंपीं गेले. पांच मिनिटांत तिला कळलें. तिकडे तेव्हां सोमवारच्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळीं साडेसहाला तेथील पाळकसाहेबांचा आम्हांस फोन आला.

"सर, इकडे दोन मतं पडलीत. काहीजण म्हणतात, मे महिन्याचं ऊन आहे, आज संध्याकाळीच उरकून घ्यावं. तिचे चुलते म्हणतात, लेक आल्याशिवाय माती द्यायची नाही. लंडनहून नऊच तास लागतात ना? मग संध्याकाळपर्यंत येईल ती?"

आम्हीं त्यांस दहा मिनिटें मागितलीं, मुलीस फोन केला, आणि पेन्सिल घेऊन बसलों. थेट जाणाऱ्या विमानांत जागा नव्हती. आखातांत विमान बदलून येणारें तिकीट तिला मध्यरात्रीनंतर मिळालें होतें. तें तेथील दुपारीं दीडचें. वॉर्डाच्या प्रमुख बाईंकडून रजा हवी होती, ती सकाळींच मिळणार. घर सोडावयाचें साडेनवाला, म्हणजे आपल्या दुपारीं दोनला. येथेंच बारा तास गेले आणि ती अद्यापि लंडनांतच. विमानतळ गांठणें व तेथील तपासण्या ह्यांत चार. आखातापर्यंत सात तास, तेथें साडेतीन तास खोळंबा, मुंबईपर्यंत तीन. मग सामान, पारपत्राची रांग, आणि शेवटीं मुंबईहून गांव. आम्हीं पाळकसाहेबांस सांगितलें, "आज नाहीं. उद्यां दुपारीं दोनच्या आधीं धरूं नका. एकंदर छत्तीस तास."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग ते म्हणाले, "बरं झालं विचारलं. आम्ही संध्याकाळपर्यंत नुसती वाट पाहत बसलो असतो." त्यांनीं तालुक्याच्या गांवाहून शीतपेटी आणविली, चुलत्यांस व इतरांस एकत्र बसवून तास समजावून सांगितले, आणि वाद मिटला. आम्हांस वाटतें, तो वाद मायेचा नव्हताच. दोन्ही पक्षांस ती मुलगी हवीच होती. एका पक्षानें नऊ तास धरिले होते आणि दुसऱ्यानें मेमधलें ऊन.

बुधवारीं साडेसातला ती मुंबईस उतरली, नऊला बाहेर पडली, आणि गांवीं पोहोंचली दुपारीं चार वाजतां. छत्तीसांचे अडतीस झाले, ते घाटांतल्या कोंडीमुळें. ह्या अडतीस तासांपैकीं आकाशांत गेले दहा. मुंबईहून गांवास यावयास सात तास लागले, म्हणजे लंडनहून आखातापर्यंत जितके तितकेच! ती दारांत आली तेव्हां तिच्या आईनें विचारलें तें एवढेंच, "पोरी, वाटेत काही खाल्लंस का?" दफनविधि पांचला झाला. कबरस्तानांत उभें असतां आम्हांस त्या बाराव्या तासाची आठवण होत होती, जेव्हां ती अद्यापि आपल्या खोलींतच बसून सकाळ होण्याची वाट पाहात होती.

तेव्हां ज्यांचीं मुलें दूर आहेत अशा पालकांस आमचें सांगणें आहे कीं, विमानाचे तास हे प्रवासाचे तास नव्हेत. पारपत्राची मुदत संपत आली नाहीं ना, हें मुलांस अधूनमधून विचारीत जा. तिकिटाचे पैसे वेगळे ठेविलेले असूं द्या, कारण आयत्या वेळीं तिकिटाची किंमत दुप्पट तिप्पटहि होते. आणि आपल्या मागें कोणाची वाट पाहावयाची, किती पाहावयाची, हें वडील माणसांनीं धडधाकट असतांनाच घरांत बोलून ठेवावें. हें बोलणें अशुभ मानणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस त्यांत अशुभ कांहीं दिसत नाहीं. ज्या घरांत हें आधीं बोललें गेलें आहे त्या घरांत त्या पहाटे आवाज चढत नाहींत.

यंदां नववीच्या मुलांस आम्हीं गृहपाठ दिला. आपल्या नात्यांतील किंवा शेजारचें कोणी परदेशीं असेल तर त्या गांवचें अंतर गोलावर दोऱ्यानें मोजावें, आणि त्याच्या तेथील दारापासून आपल्या दारापर्यंत लागणारे तास एकाखालीं एक मांडून बेरीज करावी. मुलांनीं घरोघरीं फोन केले. दुबई, मेलबर्न, टोरंटो, दोहा अशीं नांवें वह्यांत आलीं. बहुतेकांची बेरीज विमानाच्या वेळेच्या दुपटीहून अधिक भरली, आणि जवळच्या शहरांची तर कितीतरी पटींनीं, हें पाहून वर्ग चकित झाला. एका मुलाचे वडील मस्कतला आहेत. मस्कत म्हणजे मुंबईहून सुमारें १,५७० किलोमीटर. आमच्या यादींत त्याहून जवळचें दुसरें शहर नव्हतें. त्यानें सर्व तास स्वच्छ अक्षरांत मांडले होते. खोली ते विमानतळ एक तास, तेथें तीन तास, विमान पावणेतीन तास, मुंबईंत दीड तास, एस्टी नऊ तास. बेरजेची जागा मात्र कोरी होती. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां त्यानें वहींतील सर्वांत वरची ओळ बोटानें दाखविली. तेथें लिहिलें होतें: रजा, शेठ देईल तेव्हां.